सहा नंबरचे दिवे

टेगार्डन, कॅलिफोर्निया
१२ जून १९८३

चि. डेल्फा हिस,
ओलिटाताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र ईस्टरच्या आठवड्यात आलं आणि उत्तर मी जूनमध्ये लिहिते आहे, तेव्हा आधी कान धरते. तुमच्याकडे पोर्टलंडला अजून पाऊसच चालू आहे म्हणतेस. थोडा इकडे पाठव. इथे पारा शंभर ओलांडून गेला आणि पीच झाडावरच मऊ पडताहेत. माझी काळजी नको. ट्रेलरमध्ये पंखा आहे, आणि दुपारी मी स्टँडच्या अंगाला बर्फखोलीच्या पायरीवर जाऊन बसते. तिथे सावली असते, हे तुला मी काय सांगणार.

बातमी अशी, की आपली टपरी एकाएकी मोठी झाली आहे. लॉस एंजेलिसहून एक मिस ओकुबो आली आहे, जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन नोंद करणारी. वय तिशीचं, अंगकाठी चिमणीएवढी आणि गळ्यात दोन कॅमेरे. पहिल्या दिवशी तिने स्टँडला तीन फेऱ्या मारल्या आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, बाईला उंदीर दिसला. तर ती म्हणाली, असा हॅम्बर्गर स्टँड आता सबंध खोऱ्यात उरलेला नाही. रस्त्याकडे नाक वर करून उभं असलेलं छप्पर, आठ गाड्यांवरचं कागदासारख्या घड्या घातलेलं पत्र्याचं छत, तिरके खांब, उंच दांड्यावरची बल्बांची चांदणी, सगळ्याची चित्रं तिने काढली. डॅडी असते तर तिला जेवू घालून वर छपरावर चढवलं असतं.

एक काम मीही केलं. सहा नंबरच्या गाडीच्या जागेवर छताची जी घडी येते, तिला डॅडींनी मागाहून फिरोजी रंग फासला होता ना, तो मी मे महिन्यात खरवडून काढला. चार दिवस शिडीवर होते, खांदा अजून दुखतो. आत मूळचं ॲल्युमिनियम जसंच्या तसं चकचकीत आहे. मिस ओकुबो म्हणते, डॅडींनी तो पत्रा मैलभरावरून डोळ्यांत भरावा म्हणूनच लावला असणार. तिने डॅडींना बरोबर ओळखलं.

आता कामाचं. सोबत दोन कागद आहेत. एक तेल कंपनीचा. त्यांना जागा हवी आहे, सप्टेंबरात स्टँड पाडून तिथे पंप उभा करायचा आहे. तो तू चुलीत घाल. दुसरा जपणुकीच्या नोंदीचा. त्यावर आपण दोघींनी सही केली की आपल्या परगण्याच्या नियमाने स्टँडचा खिळासुद्धा कोणाला काढता येणार नाही. मालकांपैकी एकीने राखणदार म्हणून तिथेच राहायचं असतं. तिथे मी माझं नाव घातलं आहे आणि सहीही केली आहे. ममाने जागा दोघींच्या नावे ठेवली, म्हणून तुझ्या सहीवाचून अडलं आहे. एवढं कर.

डोळ्यांना जप, फार शिवत बसू नकोस, आणि माया आहे तशी असू दे.
तुझी,
ओलिटाताई

ता. क. हल्ली दुपारी एक जुनी हिरवी हडसन गाडी येऊन सहा नंबरला उभी राहते. ‘बंद’ची पाटी ढळढळीत दिसत असताना दिवे लावून बसते. असेल कोणी जुनं गिऱ्हाईक.


पोर्टलंड, ऑरेगन
२० जून १९८३

ती. ओलिटाताईस,
डेल्फाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुला वाईट वाटेल, पण स्पष्टच लिहिते. जपणुकीच्या कागदावर मी सही करणार नाही. तेल कंपनीच्या कागदावर करून ठेवली आहे, तू हो म्हणालीस की टपालात टाकते. पैसे सगळे तू घे. मला त्यातलं काही नको. मला फक्त एक दिवस तुझं पत्र यावं आणि त्यात लिहिलेलं असावं, की स्टँड आता नाही.

सव्वीस वर्षांत मी टेगार्डनला पाऊल टाकलं नाही. डॅडी गेले तेव्हा आले नाही, ममा गेली तेव्हाही इथल्या बस स्टँडपर्यंत जाऊन परत फिरले. तू कधी विचारलं नाहीस, तो तुझा मोठेपणा. तू पाठवलेले फोटोसुद्धा मी उलटे करून ठेवले. इस्पितळातल्या मुली मला हसतात, की डेल्फा टिडवेल टेलिफोनच्या बोर्डावरून जेवायलाही उठत नाही. बोर्डावर बहात्तर दिवे आहेत. कोणत्याही खोलीतून कोणी फोन उचलला की माझ्यासमोर एक दिवा लागतो, आणि दिवा लागला की माझा हात आधीच तिकडे गेलेला असतो. आजवर एकही दिवा मी वाट पाहात ठेवलेला नाही. का, ते तुला माहीत आहे.

तो रंग खरवडायला तुला कोणी सांगितलं होतं गं? डॅडींनी काही विचार करूनच लावला असेल.

आणि त्या गाडीचं नीट लिही. हडसन कोणत्या सालची? आत बाई आहे की पुरुष? तू जवळ जाऊन पाहिलंस का?

उन्हात टोपी घाल. या वेळी उत्तराला ईस्टर ते जून लावू नकोस, धाकटीवर रागावलीस तरी राग टिकवू नकोस.
तुझी,
डेल्फा


टेगार्डन
२८ जून १९८३

चि. डेल्फा हिस,
अनेक आशीर्वाद.

रागावले होते. दोन दिवस फोडणी जळल्यासारखी घरभर फिरले, मग निवळले. पण सही मी तुझ्याकडून घेणारच, हे लिहून ठेव. डॅडींनी हे छप्पर उभं केलं तेव्हा त्यांच्याजवळ काय होतं? ओक्लाहोमाहून आणलेली गादी आणि कापूस वेचून सोललेले हात. गावातला प्रत्येक माणूस म्हणाला, की ऑर्व्हल टिडवेलला ऊन लागलं आहे, छप्पर कोणी वाकडं बांधतं का? आणि मग तेच सगळे रविवारी चर्चमधून निघून रांग लावून उभे राहात. ते पाडायचं म्हणजे डॅडींना पुन्हा एकदा पुरायचं. मला ते जमणार नाही.

गाडीचं विचारलंस. एकोणपन्नासची हडसन आहे. आत बाई आहे, एकटी, साठीच्या आतबाहेरची. डोक्याला निळा रुमाल आणि हातात पांढरे मोजे, या उन्हाळ्यात. आधी मी पायरीवरून उठून निघाले की गाडी नसायची. मी म्हटलं, डोळे दिपले असतील. ऊन असं असतं की काँक्रीटही हलतं. आता मी जवळ गेले तरी असते. बाईंचा त्रास काही नाही. साडेबाराला येतात, दिवे लावतात आणि समोर बघत बसतात.

परवा मी तवा तापवला. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, एवढ्या लांबून येतात तर उपाशी कशाला पाठवायचं? एक हॅम्बर्गर केला, कांदा न घालता, आणि ताकाचा पेला ठेवून ट्रे नेला. तुला हसू येईल, पण कंबर अजून तशीच वळते. खिडकीच्या अर्ध्या काचेवर ट्रे अडकवायला हात विसरला नाही.

मिस ओकुबो रोज येते. तिने डॅडींचे मूळ नकाशे शोधून काढले, छपराचा आराखडा काढणाऱ्या फ्रेझ्नोच्या त्या आरेखकाच्या घरच्यांकडे होते. फार खुशीत आहे. मला म्हणते, तुमच्या बहिणीला एकदा येऊन बघू द्या, त्या आपण होऊन सही करतील. तिला काय माहीत तुझा हट्ट.

पोटभर जेव, आणि या म्हातारीवरचा जीव काढून घेऊ नकोस.
तुझी,
ओलिटाताई


पोर्टलंड
५ जुलै १९८३

ती. ओलिटाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले.

ताई, कांदा नको हे तुला कोणी सांगितलं?

आपण दोघी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. आज मी सगळं एकदा लिहिते. तू वाच आणि मग तो ट्रेलर सोडून माझ्याकडे ये.

जुलै सत्तावन्न, शनिवार. चार ते आठ नंबर माझे होते, एक ते तीन तुझे. ज्या मुलीचा नंबर तिनेच ट्रे न्यायचा, तिनेच आणायचा, कारण ट्रेवर टीप असते. आणि डॅडींचा दुसरा नियम, की ट्रे दिला की गाडीकडे फिरकायचं नाही. माणसं घासासोबत आपलं खाजगी बोलत असतात, त्यांच्या काचेशी मुलगी घुटमळली तर पुन्हा येत नाहीत. खाऊन झालं की ती दिवे लावतील. दिवे लागले की जायचं, त्याआधी नाही.

मिसेस कोरा स्टब्ज साडेबाराला आल्या. बेकर्सफील्डहून मोडेस्टोला मुलाकडे निघाल्या होत्या. एक हॅम्बर्गर, कांदा नको, एक ताक. मी ट्रे अडकवला तेव्हा त्या मला म्हणाल्या, की तुझे केस छान आहेत. नंतर मी काउंटरशी उभी होते. संध्याकाळी तुलेरीला नाच होता, रॉय मला न्यायला येणार होता, आणि मी नॅपकिनच्या डब्याच्या चकाकीत बघून लिपस्टिक लावत होते. मधूनमधून सहा नंबरकडे बघत होते. गाडी दिसत होती. दिवे दिसत नव्हते. अडीचला माझी पाळी संपली आणि मी गेले.

चार वाजता डॅडींना त्या स्टिअरिंगवर डोकं ठेवलेल्या सापडल्या. हृदय बंद पडलं होतं, पण एका झटक्यात नाही. गाडी ओढून नेणाऱ्याने पाहिलं, की दिव्यांचं बटण ओढलेलं होतं आणि बॅटरी पार उतरलेली होती. म्हणजे त्या दिवे लावून बसल्या होत्या. बॅटरी संपेपर्यंत मला बोलावत होत्या. डॅडींनी मला फक्त एक वाक्य ऐकवलं. ते म्हणाले, “तिचे दिवे लागले होते, आणि तू आरशात तोंड बघत होतीस.” त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. महिन्याच्या आत मी रॉयची अंगठी परत केली आणि पोर्टलंडची बस धरली.

त्या ऑर्डरची चिठ्ठी मी कोणालाच दाखवली नाही. शेरीफलाही नाही. ती माझ्या बायबलात आहे. कांद्याचं आता माझ्याशिवाय जगात कोणाला ठाऊक नाही.

म्हणून म्हणते, ते छप्पर पडू दे. तिथे जे काही येतं ते माझ्यासाठी येतं. तुला त्याची झळ का? मी मिस ओकुबोंनाही एक पत्र लिहून काही विचारलं आहे. रागावू नकोस.

बॅग भर आणि ये. इथे तुझ्यासाठी खोली आहे, आणि वाट बघणारी मी आहे.
तुझी,
डेल्फा


मुक्काम टेगार्डन
१६ जुलै १९८३

श्रीमती डेल्फा टिडवेल यांस,
हॅरिएट ओकुबो हिचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोहोचलं. आपली ओळख नसताना आपण इतकं खाजगी विश्वासाने लिहिलंत, त्याबद्दल आभारी आहे. आपण दोन प्रश्न विचारलेत. पहिल्याचं उत्तर मोजून देते आहे.

काउंटरशी उभं राहिलं असता सहा नंबरच्या गाडीचे दिवे दुपारी दिसतात का? दिसत नाहीत. मी माझी गाडी तिथे लावून, दिवे चालू ठेवून तीन दिवस पाहिलं. साधारण बारा ते तीन या वेळात सहा नंबरवरच्या घडीच्या पत्र्यावर ऊन पडतं आणि तिथून थेट काउंटरच्या काचेवर फेकलं जातं. कोणी तोंडावर आरसा धरावा तसं होतं. गाडीचा आकार कळतो, दिवे लागलेत की नाही ते कळत नाही. बाकीच्या सातही जागांना हा दोष नाही. आरेखकाने मूळ नकाशावर स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, की या घडीला चकचकीत पत्रा लावू नये, मंद रंग द्यावा. आपल्या वडिलांनी ते ऐकलेलं दिसत नाही. नंतर रंग दिला, त्याची तारीख पत्र्याच्या कडेला आहे. २२ जुलै १९५७.

तेव्हा आपण आरशात बघत होतात की नव्हतात, याने काहीच फरक पडला नसता. आपण टक लावून बघत राहिला असतात तरी आपल्याला दिवे दिसले नसते. हे मी कोणापुढेही लिहून देईन. त्या वेळात ते दिवे सबंध आवारात एकाच ठिकाणाहून दिसतात, बाजूच्या बर्फखोलीच्या पायरीवरून. नकाशात मी तशी खूण केली आहे.

दुसरा प्रश्न आपल्या ताईंच्या तब्येतीचा. त्या हडकल्या आहेत. माझ्याशी गप्पा मारतात, चेष्टा करतात, पण साडेबारा झाले की वाक्य अर्धं टाकून उठतात. मंगळवारी मी तीन नंबरच्या खांबामागे फीत धरून होते. त्या ट्रे घेऊन सहा नंबरकडे गेल्या. तिथे गाडी नव्हती. मी आधीच पाहिलं होतं, फक्त काँक्रीटवर तेलाचे ओले ठिपके होते. खांबाआडून मला त्यांचे हात दिसले. त्यांनी ट्रे खिडकीच्या उंचीवर धरला आणि सोडून दिला, आणि हात पुसत मागे फिरल्या.

ट्रे पडल्याचा आवाज आला नाही. मी बराच वेळ ऐकत होते. पुढे जाऊन बघण्याचं धैर्य मला झालं नाही, हे आपल्याजवळ कबूल करते.

माझं काम संपलं आहे, उद्या मी निघते. कागदांबाबत आपण दोघी जे ठरवाल ते मला कळवावं, आणि अनोळखी बाईने इतकं लिहिलं याची चूकभूल पोटात घालावी.
आपली,
हॅरिएट ओकुबो


पोर्टलंड
२१ जुलै १९८३

ती. ओलिटाताईस,
डेल्फाचा नमस्कार.

मिस ओकुबोंच्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. आधी ती वाच.

मी ती वाचून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले, ताई. चव्वेचाळीस वर्षांची बाई, हुंदके देऊन. शेजारची दार वाजवायला लागली. मला दिसलेच नसते. किती सरळ वाक्य आहे. डॅडींना ते आठवड्याभरात कळलं होतं, म्हणून तर त्यांनी शिडी लावून रंग दिला. पण मला एक ओळ लिहून कळवलं नाही. छपरात खोट आहे म्हणण्यापेक्षा पोरीत खोट आहे म्हणणं त्यांना सोपं गेलं. आज ते असते तर मी भांडले असते. ते नाहीत, म्हणून तुझ्याजवळ बोलते.

एकच गोष्ट विचारायची आहे. तू मनावर घेऊ नकोस, मी नुसती विचारते. त्या दिवशी दुपारी तू पायरीवर बसली होतीस का? बसली असशील तर तुला काही दिसलं होतं का?

लवकर लिही. एका ओळीचं उत्तरही चालेल, पण लिही. माझी माया तुला माहीतच आहे.
तुझी,
डेल्फा


टेगार्डन
३ ऑगस्ट १९८३

चि. डेल्फा हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. अनेक आशीर्वाद.

दहा दिवसांत चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे फाडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

मी पायरीवर बसले होते. सकाळी आपलं भांडण झालं होतं, तुला आठवत नसेल. नाचाला जायचं म्हणून तू डॅडींकडून संध्याकाळची सुटी घेतलीस आणि तुझे पाच नंबरही माझ्या गळ्यात पडले. वर माझाच पिवळा झगा मागितलास. मी दिला नाही. मला तेवीस वर्षं झाली होती आणि मला नाचाला न्यायला कोणी येत नव्हतं. तू काउंटरशी ओठ रंगवत होतीस आणि मी पायरीवर सोड्याची बाटली घेऊन जळत होते.

एकच्या सुमारास सहा नंबरचे दिवे लागले. मला लख्ख दिसले. मी म्हटलं, तिचा नंबर आहे, तिचं ती बघेल. उठू दे की ओठ रंगवणं सोडून. मी आत जाऊन माझी गिऱ्हाइकं केली आणि पुन्हा पायरीवर आले. दिवे होतेच. मला बरं वाटलं, डेल्फा. मी म्हटलं, आता बाई तक्रार करील, डॅडी तुला झापतील आणि तुझा नाच बुडेल. तिसऱ्यांदा आले तेव्हा दिवे पिवळे झाले होते. माझ्या डोळ्यांसमोर ते तांबूस झाले आणि विझले. मी म्हटलं, बाई कंटाळली. बाटली खोक्यात ठेवली आणि कामाला गेले.

बाईंच्या गाडीकडे जायला मला तीस पावलं पडली असती.

डॅडींनी तुला ते वाक्य ऐकवलं तेव्हा मी दाराशी उभी होते. तोंड उघडलं नाही. तू बसमध्ये चढलीस तेव्हा तुला पिवळा झगा बांधून दिला. तू म्हणतेस मी कधी काही विचारलं नाही तो माझा मोठेपणा. मी काय विचारणार होते?

रंग काढला तेव्हा मला फक्त डॅडींचा पत्रा पुन्हा चमकवायचा होता, खरं सांगते. तिसऱ्या दुपारी गाडी आली. मी लगेच ओळखली. तुला ‘असेल कोणी’ असं लिहिलं, कारण तुला खरं लिहिलं असतं तर हेही लिहावं लागलं असतं. कांद्याचं मला बाईंनीच सांगितलं. मी रोज नेते. त्या खात नाहीत. त्या माझ्याकडे बघतात आणि रोज तेच एक विचारतात, अगदी मायेने. त्या विचारतात, “माझी ऑर्डर घेतली ती मुलगी कुठे आहे? छान केसांची?” मी म्हणते, ती येईल. मग दिवे पिवळे व्हायला लागतात, आणि ते विझेपर्यंत मला तिथून हलता येत नाही.

मी पळून पाहिलं. व्हिसालियाला चुलत वहिनीकडे जाऊन राहिले. दुसऱ्या दिवशी साडेबाराला तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, दुधी भोपळ्याच्या वाफ्यात, दिवे लागले. वहिनीला दिसले नाहीत. काल शिडी लावून पुन्हा रंग द्यायला गेले. रंग पत्र्यावर धरत नाही, पाण्यासारखा ओघळून खाली येतो.

तुझंच बरोबर होतं. पाडून टाकू या. छप्परच राहिलं नाही तर सहा नंबरही राहणार नाही, आणि बाईही जातील कुठे जायचं तिथे. तेल कंपनीचा कागद टपालात टाक, आजच टाक. जपणुकीचा फाड. माझी सही मी कंपनीला वेगळ्या कागदावर पाठवली आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, डॅडी तुझ्याशी बोलले नाहीत तशी. पण एवढं कर. मी एकोणपन्नास वर्षांची आहे आणि मला दुपारची भीती वाटते.

लोभ मागायचा हक्क उरला नाही. तरी मागते.
ओलिटा


पोर्टलंड
२४ ऑगस्ट १९८३

ओलिटास,

पत्र पोहोचलं. फाडलं नाहीस हे बरं केलंस.

वाचून मला राग येईल असं मला वाटलं होतं. दोन दिवस मी त्याची वाट पाहिली. तो आला नाही. काल कामावर चौथ्या मजल्याचा दिवा लागला, आणि मी आधी हातातली कॉफी संपवली, मग फोन उचलला. एका बाईला उशी हवी होती. इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, की दिवा लागल्यावर कॉफी संपवता येते. काल रात्री मी नऊ तास झोपले.

रॉयला नातवंडं झाली, हे तूच मला एका ख्रिसमसला कळवलं होतंस. मी पत्र घडी करून ठेवलं होतं. मला गाडी चालवता येत नाही. मला कोणाच्या गाडीत पुढे बसवत नाही. डॅडींच्या हाताचा शेवटचा स्पर्श मला आठवत नाही, कारण शेवटचा आहे हे मला माहीत नव्हतं. हे सगळं तुला दाराशी उभं राहून दिसत होतं. तुला तीस पावलं जड झाली त्याचं मला काही नाही, तेवीस वर्षांची मुलगी जळतेच. पण त्यानंतर सव्वीस वर्षं तू मला दर ईस्टरला, दर ख्रिसमसला पत्र लिहिलंस, आणि प्रत्येक पत्रात हवा कशी आहे ते होतं.

तू सही मागितली होतीस. मी केली. तेल कंपनीच्या कागदाचे तुकडे केले आणि जपणुकीचा कागद मागच्या सोमवारी मिस ओकुबोंना पाठवला. त्यांचा फोन आला होता, परगण्याने नोंद घेतली. आता त्या छपराचा खिळासुद्धा कोणाला काढता येणार नाही, तुला नाही, मला नाही, आपण दोघी गेल्यावरही कोणाला नाही. राखणदार म्हणून तुझं नाव आहे तसंच ठेवलं आहे. अक्षर सुरेख आलं आहे तुझं.

बाईंना सांग, छान केसांची मुलगी आता तिथे काम करत नाही. सहा नंबर तुझा.

डेल्फा